रोज कथा लिहायची, तर खंड पडण्याची तयारी आधी करा

रोज कथा लिहायचं ठरवलं की पहिले आठ-दहा दिवस झकास जातात. मग घरात कुणी आजारी पडतं, ऑफिसात वर्षअखेरीची कामं अंगावर येतात, एक दिवस बुडतो, एकाचे चार होतात. पाचव्या दिवशी वही उघडावी, तर आपणच उभी केलेली बाई आपल्याला ओळख देत नाही. ती दाराशी का थांबली होती? खरंच चिडली होती की चिडल्याचं सोंग करत होती? मागची पानं चाळण्यात तास जातो, चार विशेषणं इकडची तिकडे होतात आणि ‘आज काही सूर लागत नाही’ म्हणून वही मिटते. लिहिणं सुटतं ते बहुतेकदा इथे.

गंमत अशी, की बुडालेल्या चार दिवसांनी कथेचं फारसं काही बिघडवलेलं नसतं. महाग पडतं ते परत येणं. रोजनिशी कुठूनही पुन्हा सुरू करता येते. कथा लिहिताना मात्र आपण बरंच काही एकाच वेळी डोक्यात धरून बसलेलो असतो: कुणाला काय ठाऊक आहे, कोण काय लपवतंय, निवेदक पात्रांच्या किती जवळ उभा आहे. खंड पडला की आधी हेच उडून जातं. कथानक शेवटपर्यंत लक्षात राहतं. म्हणून खाली जे सांगितलंय ते जवळपास सगळं एकाच कामासाठी आहे, कथेकडे परतायला लागणारा वेळ कमी करण्यासाठी. पहाटेचा गजर, इच्छाशक्ती वगैरे त्यानंतर.

१. लाज वाटेल इतकं लहान किमान ठरवा

रोजच्या लिखाणाचा विषय निघाला की इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोपचं उदाहरण हमखास येतं. टपालखात्यातली नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. ऐकूनच दडपण येतं. पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे त्याला पहाटे उठवायला पगारी माणूस होता. दुसरी जास्त महत्त्वाची: बसल्या बसल्या पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. रोज न चुकता लिहिणाऱ्या माणसालाही कथेत परत शिरायला वेळ द्यावा लागत होता.

तुमचं किमान वाईटातल्या वाईट दिवसाला पेलेल असं हवं. पन्नास शब्द. किंवा दोन पात्रांमधली एक बोलाचाली, एकाचं वाक्य आणि दुसऱ्याचं उत्तर. ताप असताना, रात्री अकरा वाजता, डोळे मिटत असताना जमेल एवढंच. चांगल्या दिवशी हजार शब्द झाले तर उत्तम, पण म्हणून दुसऱ्या दिवशीचं किमान वाढवायचं नाही. वाढवण्याचा मोह होतो, आणि तो नेमका आठवडा चांगला चाललेला असताना होतो.

इंग्रजी लेखकांचे आकडेही जसेच्या तसे उचलू नका. १९९९ मध्ये सुरू झालेलं नोव्हेंबर महिन्यातलं कादंबरीलेखनाचं आव्हान प्रसिद्ध आहे: तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे दिवसाला साधारण १,६६७. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे मोजताना दोन शब्द भरतात. तेवढ्याच मजकुराला इंग्रजीत सहा ते आठ लागतात. तेव्हा आकडा गाठता येत नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवण्याआधी मोजपट्टी कुणाची आहे ते बघा.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हेही सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जण होते. फळ खाणं, पाणी पिणं, धावणं अशी साधी कामं अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. कथा लिहिणं पाणी पिण्याइतकं सोपं नाही, हे सांगायला नकोच. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे: अधेमधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा अडथळा येत नव्हता.

२. घड्याळाला न बांधता एखाद्या कामाला बांधा

‘रोज सकाळी सहा वाजता’ हा संकल्प पहिल्या आजारपणात मोडतो, कारण सहा वाजून गेले की दिवस गेल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा तसंही रोज होणारच आहे अशा कामामागे लिखाण लावा. दात घासून झाले की. मूल झोपलं की. ऑफिसचा लॅपटॉप मिटला की. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक झालं, तर तमुक करीन’ अशा बांधणीच्या संकल्पांवर बरंच काम केलंय. नुसत्या ‘मी करीन’पेक्षा असे संकल्प जास्त पाळले जातात, असं त्यातून दिसतं.

याला एक जोडसंकल्प लागतो, आणि तो बहुतेक जण करत नाहीत. ‘मूल झोपलं की लिहीन’ हे ठीक, पण मूल झोपलंच नाही तर? तेही आधीच लिहून ठेवा: ‘अकरापर्यंत झालं नाही, तर अंथरुणावर बसून फोनमध्ये एक संवाद.’ ऐनवेळी दमलेल्या डोक्याला निर्णय घ्यायला लावलं, की ते ‘उद्या’ असाच निर्णय घेतं.

३. उठण्यापूर्वी चिठ्ठी लिहा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवशीचं लिखाण थांबवावं, हा अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेचा सल्ला बराच प्रसिद्ध आहे. सल्ला चांगला आहे, पण तो गृहीत धरतो की तुम्ही दुसऱ्या दिवशी नक्की येणार आहात. आपली तशी खात्री नाही. म्हणून पुढचं ठाऊक असणं पुरत नाही, ते लिहून ठेवावं लागतं.

समजा सुमती नावाची बाई भावाच्या दाराशी पोचली आहे आणि तुम्हाला हाक आली. बरेच जण एवढंच लिहून उठतात:

‘पुढे: भावाशी भांडण.’

आठवड्याने हे वाचून काहीच हलत नाही. भांडण होणार हे आठवतच होतं. त्याऐवजी असं लिहा:

‘सुमती अजून उंबऱ्याबाहेर. भावाने घर विकलंय हे तिला कळलंय. तिला कळलंय हे भावाला ठाऊक नाही. ती घराचा विषय काढणार नाही. आधी पाण्याच्या टाकीवरून बोलेल. आवाज नेहमीपेक्षा खाली. पुढचं वाक्य: टाकीचं झाकण कोण काढून ठेवतं रोज?’

यात चार गोष्टी आहेत. कोण कुठे उभं आहे, कुणाला काय ठाऊक आहे, कोण काय टाळतंय, आणि पुढचं तयार वाक्य. शेवटची सगळ्यात मोलाची. ते वाक्य शक्यतो कुणाच्या तरी तोंडचं असू द्या. परत आल्यावर वर्णनाने सुरुवात करायची म्हणजे आधी आपला सूर लागावा लागतो. पात्र बोललेलंच असलं की त्याला उत्तर द्यायला दुसरं पात्र आपोआप तोंड उघडतं.

चिठ्ठीला दोन मिनिटं लागतात. तेवढीही नसतील तर फक्त पुढचं वाक्य लिहा. वहीत शेवटच्या ओळीखाली, फाइलमध्ये मजकुराच्या अगदी शेवटी. वेगळ्या ॲपमध्ये लिहिलेली चिठ्ठी वेळेवर सापडत नाही.

या चिठ्ठीचा फायदा तुम्हाला हाक मारणाऱ्यालाही होतो. सोफी लरॉय या संशोधिकेने कामं बदलताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामात कसा अडकून राहतो, यावर २००९ पासून लिहिलं आहे. पुढे २०१८ मधल्या अभ्यासात दिसलं की अर्धवट सोडलेल्या कामाकडे परतल्यावर कुठून सुरू करायचं हे थोडक्यात लिहून उठलं, तर मधल्या कामात लक्ष नीट लागतं. म्हणजे मुलाचा गृहपाठ घेताना डोक्यात सुमती घुटमळत राहत नाही.

४. कथेचं एक पान

लांब कथा किंवा कादंबरी असेल तर एक वेगळं पान ठेवा. पात्रांची नावं, वयं, नाती, कथेतले वार आणि ऋतू. धाकटा डावखुरा आहे, काकूंना ऐकू कमी येतं, घराला मागचं दार नाही, असं सगळं. आणि एक रकाना ‘कुणाला काय ठाऊक’. खंडानंतर चुका होतात त्या इथेच: तिसऱ्या प्रकरणात जे गुपित होतं ते पाचव्यात कुणीतरी सहज बोलून जातं.

एकच पान बरं का. नकाशे, वंशावळी, पात्रांच्या आवडते रंग लिहिलेल्या वह्या करत बसण्यात लिहिल्याचं समाधान मिळतं आणि कथा तिथेच राहते.

५. व्यत्यय केवढा आहे ते बघून वागा

पाच मिनिटांच्या व्यत्ययाला आणि पाच महिन्यांच्या खंडाला एकच औषध चालत नाही.

मिनिटांचा व्यत्यय, म्हणजे दाराची बेल, फोन, ‘माझा मोजा कुठाय’. वाक्य पुरं करायला धडपडू नका, अर्धंच सोडा. अर्धं वाक्य परत आल्यावर हात धरून आत नेतं. बेलपेक्षा घातक आहे तो आपण स्वतः आणलेला व्यत्यय. कथेत आगगाडी येते, म्हणून त्या काळी ती कोळशावर चालायची का हे बघायला जावं आणि पाऊण तासाने तिसऱ्याच विषयावरून परतावं. अशा ठिकाणी चौकटी कंसात ‘तपासा’ लिहा आणि पुढे चला. नाव सुचत नसेल तर ‘मावसभाऊ’ एवढंच लिहा. हे सगळे ‘तपासा’ एखाद्या रटाळ दिवशी एकदम उरकता येतात.

त्यासाठीच कामाच्या तीन याद्या हाताशी असाव्यात. जड काम म्हणजे नवा प्रसंग; त्याला ताजं डोकं आणि निदान अर्धा तास हवा. मधलं काम म्हणजे लिहिलेले संवाद मोठ्याने वाचून कानाला खटकतंय तिथे दुरुस्त करणं. हलकं काम म्हणजे तपासण्या, नावं, तारखा जुळवणं. दमलेल्या दिवशी जड काम समोर घेऊन हताश बसण्यापेक्षा हलकं काम उरकलं तर तो दिवसही कथेसोबत गेला. मात्र सलग तीन-चार दिवस हलक्याच कामाचे जात असतील तर ती पळवाट झाली आहे, हे ओळखा.

आठवड्याचा व्यत्यय, म्हणजे प्रवास, पाहुणे, दवाखान्याच्या फेऱ्या. इथे पुढचा प्रसंग लिहिण्याचा अट्टहास सोडा. त्याऐवजी दिवसाला एक ओळ पात्राच्या डोळ्यांनी लिहा. तुम्ही जिथे बसला आहात तिथे सुमती बसली असती तर तिने काय पाहिलं असतं? तुम्हाला दिसेल रांग. तिला दिसेल रांगेत पुढे घुसणारा माणूस, आणि ती त्याला काहीच बोलणार नाही पण त्याच्या चपला लक्षात ठेवेल. या ओळी कथेत येतील न येतील. पण पात्राचा आवाज कानात टिकतो, आणि परतताना तोच तर हवा असतो.

महिन्यांचा खंड वेगळा. बाळंतपण, घरातलं मोठं आजारपण, कुणाचं जाणं. अशा वेळी ‘रोज पन्नास शब्द’ ही स्वतःवरची जुलूमजबरदस्ती होते. सरळ रजा जाहीर करा, स्वतःपुरती का होईना. जमलं तर शेवटची लांब चिठ्ठी लिहा, पानभर: कथा कुठे आहे, कुठे जायची आहे, तुम्हाला तिच्यात काय आवडलं होतं. हे शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण परत याल तेव्हा फक्त दोष दिसतील. आणि परतण्याची अंदाजे खूण ठरवा, तारीख नको: ‘बाळ रात्रभर झोपायला लागलं की’ असं काहीतरी. ठरवून घेतलेल्या रजेवरून माणूस परततो; नुसतं सुटलेलं काम वर्षभर मनाला टोचत राहतं.

आयुष्याचा हा आकार कायमचाच असेल, तर कथेचाच आकार बदलता येतो. अमेरिकन लेखक रेमंड कार्व्हर विशीतच दोन मुलांचा बाप होता आणि मिळेल ती कामं करत होता. एका बैठकीत हातावेगळं करता येईल असं लिहावं, म्हणून तो लघुकथा आणि कवितांकडे वळला. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलांना एकट्याने वाढवत होत्या आणि उजाडण्यापूर्वी लिहीत होत्या. तरीही त्या कादंबऱ्यांकडेच वळल्या. कुठला रस्ता तुमचा, ते पहिल्या दोन-तीन कथांनंतरच कळतं.

६. परत येण्याचा क्रम

खंड आठवड्याहून मोठा असेल तर या क्रमाने परता.

पहिल्या दिवशी फक्त चिठ्ठी आणि शेवटची दोन-तीन पानं वाचा, मोठ्याने. पेन हातात नको. खटकलेलं दुरुस्त करायला हात शिवशिवतील, तरीही नको.

दुसऱ्या दिवशी शेवटचा परिच्छेद हाताने जसाच्या तसा उतरवून काढा. टाइप करणाऱ्यांनीही हाताने. वेडगळ वाटेल, पण वाचण्यापेक्षा लिहिण्याचा वेग कमी असतो. वाक्याची लय, त्यातले थांबे, तुम्ही कुठला शब्द निवडला होता ते हातातून परत येतं. परिच्छेद संपला की थांबू नका, पुढची दोन वाक्यं लिहा. कशीही.

तिसऱ्या दिवसापासून नेहमीचं किमान.

पहिल्या पानापासून वाचत येऊ नका. कारण सरळ आहे: पहिल्या प्रकरणात अडकाल. अनेकांच्या अर्ध्या कादंबऱ्यांची पहिली प्रकरणं दहादा घासून लख्ख झालेली असतात आणि सातवं कधीच लिहिलं जात नाही. थकबाकीही भरू नका. चार दिवस बुडाले म्हणून पाचव्या दिवशी पाच दिवसांचे शब्द काढायला बसलात, तर सहाव्या दिवशी वहीकडे फिरकणार नाही.

एवढं करूनही पात्र बोलत नसेल तर त्याला कथेबाहेरचं क्षुल्लक काम द्या. सुमतीची किल्ली हरवली आहे आणि ती शोधते आहे, एवढंच पानभर. ती आधी कुठे बघते, कुणावर संशय घेते, सापडल्यावर कबूल करते की नाही? हे पान टाकून द्यायचं आहे हे ठाऊक असल्यामुळे हात मोकळा चालतो.

आणि पहिल्या आठवड्यात कथेबद्दल कुठलाही निकाल देऊ नका. खंडानंतर स्वतःचं लिखाण एकतर टाकाऊ वाटतं किंवा अफाट. दोन्हींवर विश्वास ठेवण्यासारखा नसतो.

७. घरातली माणसं आणि हातातली साधनं

‘मला लिहायला वेळ हवाय’ हे घरच्यांना काहीच सांगत नाही. ‘साडेनऊ ते दहा मी दार लावून बसेन, रक्त आलं किंवा धूर दिसला तर हाक मारा’ हे कळतं. वेळ थोडा आणि ठरलेला असला की तो पाळला जातो, आणि दहाला तुम्ही खरंच बाहेर आलात तर पुढच्या वेळी जास्त पाळला जातो. कच्चा खर्डा मात्र घरात वाचायला देऊ नका. ‘ही आत्या म्हणजे आपलीच आत्या का?’ या एका प्रश्नाने महिनाभराचं लिखाण अडतं.

साधनांचं थोडक्यात. कथा एकाच जागी असावी. वहीत थोडी, फोनमध्ये थोडी, ईमेलमध्ये थोडी असं झालं की परतण्याआधी शोधाशोधच होते. बाहेर फोनवर टिपलेलं त्याच दिवशी मुख्य जागी आणा. चालताना बोलून लिहायचं तर फोनचं मराठी व्हॉइस टायपिंग बऱ्यापैकी चालतं, पण विरामचिन्हं नीट येत नाहीत, दोन पात्रांचे संवाद एकमेकांत मिसळतात, आणि तीन दिवसांनी कोण काय म्हणालं ते आपल्यालाच कळत नाही. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं ते साफ करा. फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवणं अर्थातच आलं.

८. नोंद ठेवा, साखळी मोजू नका

सलग किती दिवस लिहिलं हे मोजणारी ॲप्स छान वाटतात, पण चाळिसाव्या दिवशी साखळी तुटली की एकदम शून्य दाखवतात. त्या शून्यावर माणूस सोडून देतो. मागच्या सात दिवसांत किती दिवस लिहिलं एवढंच मोजा. चार किंवा जास्त असतील तर गाडी ठीक चालली आहे. दोनवर आलं तर किमान अजून लहान करा किंवा लिखाण ज्या कामामागे लावलंय ते बदला.

नोंद एका ओळीची पुरे:

‘सोम: टाकीवरचा संवाद, ९० शब्द. भाऊ अजून खोटं बोलतोय.
मंगळ: काही नाही, प्रवास.
बुध: एक ओळ, रांगेतला माणूस.
गुरु: सुमती आत आली. २१० शब्द. खुर्ची कुणी दिली नाही.’

शब्दांच्या आकड्यापेक्षा त्यापुढचं अर्धं वाक्य कामाचं आहे. महिन्याने ही पट्टी वाचली की कथा डोळ्यांपुढून सरकते, आणि कोरे दिवस कोणत्या वारी येतात तेही दिसतं. दर मंगळवारी खंड पडत असेल तर मंगळवार सुट्टीचा करून टाका.

९. कथा संपते त्या दिवशी

सवय मोडण्याचा एक धोका बाहेरून येत नाही. कथा पुरी होते, मन हलकं होतं, ‘आता दोन दिवस विश्रांती’ म्हणतो आणि दोन महिने जातात. पुढच्या कथेची पाटी कोरी असते, चिठ्ठी लिहून ठेवलेली नसते, परतायला जागाच नसते. म्हणून शेवटचं वाक्य लिहिलं की त्याच बैठकीत नव्या पानावर दुसऱ्या एखाद्या माणसाबद्दल पाच ओळी लिहा: तो कुठे उभा आहे, कुणापासून काय लपवतोय, आणि तोंड उघडल्यावर पहिलं काय बोलेल. संपलेली कथा पंधरा दिवस बंद ठेवायची. तेवढ्या दिवसांत रोजचे पन्नास शब्द या नव्या माणसाचे. सोळाव्या दिवशी जुनी कथा दुरुस्तीला काढाल, तेव्हा नव्याचीही चिठ्ठी लिहूनच तिच्याकडे वळा.